तळाला बसलेलं बी

आमच्या वाडीत खाडीचा चिखल घरागणिक वाटून घेतलेला होता. हे सांगितलं की घाटावरची माणसं हसतात. हसू देत. त्यांच्याकडे बांधावरून डोकी फुटतात, आमच्याकडे चिखलावरून अबोला धरला जाई, एवढाच फरक. आरे-वाऱ्याच्या अलीकडे खाडी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला गाळाचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, पिकत. प्रत्येक घराला त्यातला एक तुकडा, त्याच्या चार कोपऱ्यांना चार खुंट. त्या तुकड्याला वाटणी म्हणायचे. वाटणी घराची, पण सांभाळायची बाईने. पुरुष होडीवर नाहीतर मुंबईत, चिखलात त्यांचं काही चालत नसे.

वाटणीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते मोडायचीही सोय नव्हती. नखाएवढी तिसरी हाताला लागली तर ती बी, ती परत चिखलात दाबायची. घरच्या कालवणापुरत्या केव्हाही काढायच्या, पण दिवाळीनंतरच्या पहिल्या मोठ्या ओहोटीला सगळ्या बायकांनी एकदम उतरायचं. आणि लागोपाठ दोन वर्षं एखादीच्या वाटणीतून त्या दिवशी टोपली भरली नाही, तर तिने वाटणी दुसऱ्या घराला द्यायची. नुसती द्यायची नाही, बी आपल्या हाताने घेणारीच्या पदरात घालून द्यायची. म्हणजे मनात काही ठेवलं नाही हे चार बायकांना दिसतं.

आईला या शेवटच्या नियमाची कायम धास्ती असे. ती संगमेश्वराकडची, भातशेतीच्या घरातली. लग्न होऊन खाडीवर आली तेव्हा तिला भरती कुठली नि ओहोटी कुठली हेही धड कळत नव्हतं. माझी मोठी काकी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, ही वाडीतल्या बायकांची पुढारी. ती आईला शेवटपर्यंत ‘वरतली’, म्हणजे वरच्या गावांकडची, म्हणत आली. “वरतलीच्या हातात नांगर शोभंल, खाडी कशी शोभंल?” हे ती हसत म्हणायची आणि आईही हसायची, पण त्या दिवशी आई घरी येऊन भांडी जरा जास्त घासायची. वडील मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा येणार. घर सासऱ्यांचं, माडही सासऱ्यांचेच. आईचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ते त्या चार खुंटांच्या आत होतं.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. जवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. लग्न ठरत नव्हतं आणि जीभ फार चालत होती. वाडीला दोन्ही गोष्टी सारख्याच खटकत. तरी कुणाचा मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा असो की औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असो, माझ्याकडेच यायचे. मीही ते मिरवायची. मला न येणारं काही असेल, असं मला त्या वयात वाटतच नव्हतं.

त्या वर्षी गणपती गेले आणि आईने आणलेल्या तिसऱ्या नेहमीप्रमाणे टोपात खाडीच्याच पाण्यात ठेवल्या. तिसऱ्या अशा ठेवल्या की तासा-दोन तासांनी शिंपा किंचित उघडून पोटातला चिखल ओकतात. मग पाणी निवळतं आणि तळाला गाळ बसतो. त्या गाळात आईला चार दाणे दिसले. मसुरीएवढे, पांढुरके, जरा पिवळट झाक असलेले. माशाच्या गाभोळीचे दाणे वाळून कडक झाले तर दिसतील तसे. आईने ते तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिली. तिसऱ्यांनीच ते ओकले, अशी तिची खात्री झाली. खरं तर शिंपांना चिकटून आलेल्या चिखलातून ते आले असणार. पण टोपात तिसऱ्यांखेरीज दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी भरतीच्या रेषेवर, वाळलेल्या शेवाळात नि काटक्यांत, तसेच दाणे तिला मूठभर सापडले. तिने ते पदरात बांधून आणले आणि तिला जे ठाऊक होतं ते केलं. तिच्या माहेरी भाताचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, भरलेले तळाला बसतात ते पेरायचे. आईने परातीत पाणी घेतलं, त्यात मीठ विरघळवलं आणि दाणे सोडले. अर्धेअधिक तरंगले. बाकीचे सावकाश तळाला गेले.

ती परात घेऊन माझ्यासमोर आली. मी सहामाहीच्या वह्या तपासत होते.

“बाय, तू मास्तरीण. बघ गो. ह्या तिसऱ्यांचा बी काय?”

मी मान वर केली. दाणे पाहिले की नाही, आज शपथेवर सांगता येणार नाही. आदल्याच आठवड्यात सातवीला मृदुकाय प्राण्यांचा धडा शिकवला होता, तो तोंडात घोळत होता. मी म्हणाले, “असेल. मृदुकाय प्राणी पाण्यातच अंडी घालतात.” आणि पुढच्या वहीवर लाल रेघ ओढली.

एवढंच बोलले. त्याला किती वेळ लागला असेल? पण आईने ते वाक्य देवाच्या कौलासारखं उचललं. तिची लेक, शिकलेली, सरकारी पगार घेणारी, ती ‘असेल’ म्हणाली. माझ्या ‘असेल’चा तिच्या मनात ‘आहे’ व्हायला परात खाली ठेवण्याइतकाही वेळ लागला नाही.

त्यानंतर ती रोज ओहोटीला रोवळी घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागली. कुणी विचारलं तर सरपणाला काटक्या वेचते म्हणायची. हे तिचं गुपित होतं. काकीला ठाऊक नसलेलं असं काहीतरी खाडीने तिला, वरतलीला, दाखवलं होतं, आणि त्याचा आनंद मी तिच्या पाठीत पाहिला आहे. ती ताठ चालायला लागली होती. आणलेले दाणे मिठाच्या पाण्यात टाकायचे, तरंगणारे फेकायचे, बसलेले बिस्किटाच्या मोठ्या डब्यात भरायचे. काही दाण्यांना डांबर लागलेलं असे. त्या काळी दर पावसाच्या तोंडाला किनाऱ्यावर डांबराच्या गोळ्या यायच्या. पायाला चिकटल्या की रॉकेलशिवाय निघत नसत. बुडालेले दाणे डांबराने काळे असले तरी आई ते टाकत नसे. काथ्याने घासघासून पुसायची. जेवायला वाढताना तिच्या हाताला बंदरावरच्या तेलाचा वास यायचा. साबणाने जायचा नाही. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाली, “बियाला थोडा वास असतोच.”

दसऱ्याच्या आसपास तिने पेरणी केली. चिखलाचे लाडू वळायचे, प्रत्येकात पाच-सहा दाणे, आणि मनगट बुडेल इतक्या खोल नेऊन दाबायचे. वाऱ्या-लाटेने वाहून जाऊ नयेत म्हणून ही युक्तीही तिचीच. चार खुंटांच्या आत एक वीत जागा तिने सोडली नाही.

त्या दिवाळीला टोपली भरली, पण कशीबशी, आणि त्यातल्या बऱ्याच तिसऱ्या मंद होत्या. आई म्हणाली, अजून वेळ आहे, बी कोवळं आहे. होळीच्या सुमाराला मात्र जे दिसायला लागलं ते मला आवडलं नाही.

तिसरी जिवंत असेल तर तिला कुणी हात लावायचा अवकाश, शिंप खटकन मिटते. दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटल्या तर गोट्यांसारख्या वाजतात, चिखल भरलेली मेलेली असेल तर भद्द आवाज येतो. बायका न बघता, नुसत्या कानाने, टोपलीभर तिसऱ्या निवडायच्या. आईच्या वाटणीतल्या तिसऱ्यांचा आवाज यांपैकी कुठलाच नव्हता. टोपात ठेवल्या की त्या उघडायच्या, पण बोट लावलं तरी मिटायच्या नाहीत. बऱ्याच वेळाने, गुंगी आलेल्या माणसाने पापणी हलवावी तशा, अर्ध्या मिटायच्या. आतलं मांस पातळ, कडेला तपकिरी, आणि त्यावर बुळबुळीत तार. पाणी निवळत नसे. शिजवल्यावर घरभर तोच तेलाचा वास. आईने ते कालवण एकटीने खाल्लं, मला वाढलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. ओहोटीला लांब चोचीचे पक्षी चिखलात तिसऱ्या टोचायला येतात. त्यांना कुणी खुंट दाखवलेले नसतात. पण त्या वर्षी ते काकीच्या वाटणीत हिंडायचे, पलीकडच्या वाटणीत हिंडायचे, आणि आमच्या चार खुंटांपाशी आले की उडून पुढे जायचे. मी शाळेला जाताना बांधावरून हे पाहायची आणि मला वाईट शंका यायची. कसली ते सांगता येत नव्हतं. मी वेगाने चालायला लागायची.

इतरांच्या तिसऱ्याही तेव्हा कमी होत होत्या, हे खरं आहे. बंदरात यांत्रिक होड्या वाढल्या होत्या, त्यांचं तेल पाण्यावर रंगीत पसरायचं. वरच्या आंबेवाल्यांची फवारणी पावसाबरोबर खाडीतच उतरायची. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की असे दाणे पाण्यातलं तेल नि फवारणीचं विष अंगाला ओढून धरतात, आणि झिजून त्यांची पूड झाली की ती शिंपल्यांच्या पोटात जाते. आता त्याला भलामोठा शब्द आहे आणि तो माझ्या नातवंडांनाही येतो. तेव्हा शब्द नव्हता. आईची वाटणी नेमकी कशाने गेली, तेलाने, फवारणीने, गाळाने की त्या दाण्यांनी, हे मला आजवर कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. मीही सांगू शकत नाही. पण हे सगळं शोषून धरणारी वस्तू मोजून, निवडून, एका जागी कुणी नेऊन पुरली असेल, तर ती माझ्या आईने. आणि तिला तसं करायला सांगणारी मी.

ते दाणे काय आहेत हे मला कळलं ते दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात. शाळेची सहल म्हणून आम्ही आठवीच्या मुलांना एका बादल्या बनवण्याच्या लहानशा कारखान्यात नेलं. मालक हौशी होता. त्याने एका पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे वरून सोडून दाखवले. “हे वितळवायचे आणि साच्यात ओतायचे.” मसुरीएवढे, पांढुरके. मुलं पुढे वाकली. मी पोत्यातला एक दाणा उचलून नखाने दाबून पाहिला. समुद्रात ते कुठून आले असतील ते देव जाणे. एखाद्या जहाजावर पोतं फुटलं असेल. डांबर नि गाळ चिकटून जड झालेले तेवढे आईच्या परातीत तळाला बसत असावेत. मी येताना एक दाणा रुमालात बांधून आणला, आईच्या डब्यातला एक घेतला, आणि परसात चिमट्यात धरून दोन्हींना काडी लावली. दोन्ही थेंबथेंब गळले आणि दोन्हींना एकच वास आला.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आई तोवर म्हणायला लागली होती की, “माझाच हात गुणाचा न्हाय. खाडीला वरतली सोसत न्हाय.” तिच्या हाताचा दोष नाही हे सांगायचं, तर दोष कुणाचा हेही सांगावं लागणार. उद्या सांगू, शनिवारी सांगू, बाबा आल्यावर सांगू, असं करत मी श्रावण घालवला, भाद्रपद घालवला. रोज पोरांना ‘चूक झाली तर कबूल करा’ म्हणून सांगणारी मी. मला माझी तेव्हा किळस यायची, आणि तरीही मी गप्प राहायची.

दिवाळीनंतरची ओहोटी आली. आईच्या टोपलीत तळ झाकेल एवढ्याही तिसऱ्या आल्या नाहीत. ज्या आल्या त्या बहुतेक उघड्या होत्या. “लागोपाठ दुसरा साल,” काकी म्हणाली. गेल्या साली भरली होती ना, असं मी म्हणून पाहिलं, पण काकीने गेल्या सालची टोपलीही धरली नाही. निम्म्या तिसऱ्या मिटत नव्हत्या, त्या मेलेल्याच, असं तिने ठरवलं, आणि आईने हुज्जत घातली नाही. वाटणी काकीच्या धाकट्या सुनेला जायची ठरली. ती वैशाखात लग्न होऊन आली होती, सावर्ड्याकडची, आईसारखीच शेतातली. चिखलात पाय टाकताना अजून दचकायची.

बायका बांधावर जमल्या. सुनेने पदर पुढे धरला. बी म्हणून घालायला आईजवळ नखाएवढी एकही तिसरी नव्हती. मला वाटलं, आता ती हात जोडेल आणि संपेल. आई घरात गेली आणि बिस्किटाचा डबा घेऊन आली. दोन वर्षं निवडून ठेवलेल्यातलं उरलेलं, डब्याच्या गळ्यापर्यंत. तिने झाकण उघडलं आणि म्हणाली, “माज्या हाताला यश न्हाय आला. तुज्या हाताला येईल. हा तळाला बसलेला चांगला बी हाय.”

आता मात्र मला राहवलं नाही. मी पुढे होऊन डब्यावर हात ठेवला. म्हणाले, “आये, हे बी नाही. हे प्लॅस्टिक आहे. याच्याने तुझी वाटणी गेली. हिच्या पदरात नको घालूस.”

काकी बोलली, आवाज न चढवता. “दोन सालं तुजी आवस पेरीत होती तवा तुला कळला न्हाय? आता माज्या सुनेच्या पदरात पडतंय, तर प्लॅष्टिक झाला?”

मी सगळं सांगितलं. बादल्यांचा कारखाना, पोतं, काडी. शेवटी तिथेच एक दाणा पेटवून दाखवला. तो गळला, धूर निघाला. काकीने नाकाला पदरही लावला नाही. “केस जाळलंस तरी त्याचा गोळा व्हतो आनि घान येते. म्हनून काय केस प्लॅष्टिक हाय?” दोघी-तिघींनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर काकी खोटेपणा करत नव्हती. वाटणी जाताना जीव जळतो आणि माणूस बी लपवतो, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

मी आईकडे वळले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं तिने आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही. ती माझ्यावर चिडली नव्हती, तिला माझी लाज वाटत होती.

“बाय, गप ऱ्हा,” ती हळू म्हणाली. “आपली गेली म्हनून दुसरीचा बी जाळू नये. तूच सांगलं होतंस ना मना?”

मी सांगितलं होतं, हे त्या सगळ्यांसमोर पहिल्यांदा बोललं गेलं. मी ‘चुकले’ म्हणाले. पण ते कुणाला पटणार? चूक कबूल करायची वेळ मी अशी निवडली होती की ती कबुली खोटीच वाटावी.

आईने डबा सुनेच्या पदरात रिता केला. मग, घरात खोट नाही हे दाखवायलाच बहुधा, साडी खोचून ती स्वतः तिच्याबरोबर चिखलात उतरली. मी बांधावरून बघत होते. आईने तिला लाडू वळायला शिकवलं, किती दाणे घालायचे ते दाखवलं. पोरीचा हात वरवर जात होता, तर आईने आपला हात तिच्या हातावर ठेवून तो खाली दाबला, दोघींच्या बांगड्या चिखलात जाईपर्यंत. शेजारच्या वाटणीच्या खुंटापर्यंत पेरून झालं तरी पदरात दाणे उरले. काकी म्हणाली, तिच्या वाटणीतही घाला थोडे. आईने तिथेही घातले. काकीने आईकडून मागून काही घेतल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि आईचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना.

भरतीचं पाणी चढायला लागलं तशा त्या वर आल्या. पोर पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेली, दमलेली, पण खूश. सासूने इतक्या जणींसमोर तिचं कौतुक केलं होतं. ती थेट माझ्यापाशी आली. झालं ते तिने मनावर घेतलं नव्हतं, निदान तसं दाखवलं तरी. तिच्या बोटांना तेलाचा वास येत होता.

“बाई,” तिने विचारलं, “ह्या तिसऱ्या निघायला किती दिस लागतील?”

बायका टोपल्या उचलायच्या थांबल्या. आई माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते यावर तिचं त्या वाडीतलं उरलेलं आयुष्य अवलंबून होतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

मी म्हणाले, “पुढच्या दिवाळीपर्यंत वाट बघ.”